अक्षरं वाचणारी लायब्ररी

तिने लायब्ररीचं, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या गठ्ठ्याचं, नाव पुन्हा टाइप केलं, पुढे जुन्या आवृत्तीचा आकडा घातला आणि एंटर दाबून हात मांडीवर ठेवले. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकू लागल्या. शोधते आहे. सापडली. उतरवते आहे. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी लाल अक्षरांत सकाळपासूनचंच उत्तर आलं: ही आवृत्ती या संगणकाशी जुळत नाही.

समोर पलंगावर आई उशांना टेकून बसली होती. मांडीवर पाटी. पाटी म्हणजे खरं तर साधा टॅब्लेट. डाव्या हाताला धरायला सोपा जावा म्हणून बाबांनी त्याला लाकडी चौकट बसवली होती. आईने त्यावर जाड पेनने लिहायचं, आणि जरा वेळाने पाटीने ते एका बाईच्या सपाट आवाजात वाचून दाखवायचं. पक्षाघाताने जीभ आणि उजवा हात दोन्ही गेल्यापासून आई बोलायची ती एवढीच. पण बोलायची भरपूर. मावशींच्या झाडण्यातल्या चुका काढायची, बातम्या देणाऱ्या बाईच्या उच्चारांना नावं ठेवायची, फोनवर धाकट्याला ‘जाड झालास’ म्हणून सुनवायची. आता आईने लिहिलं, की अक्षरं पाटीवरून पुसली जात आणि पाटी गप्प राहत असे.

“ताई, झालं का हो?” मावशींनी दारातून विचारलं. मावशी दिवसभर आईचं सगळं करायच्या आणि संध्याकाळी दिवेलागणी झाली की घरी जायच्या.

“नाही अजून.”

“सकाळपासून बघतेय. घालताय काय, काढताय काय. आमची जाऊ कपाट आवरायला घ्यायची ना, अगदी तसं. संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नसायची.”

ती हसली नाही. आईच्या तोंडाचा डावा कोपरा मात्र किंचित हलला, आणि तिने पेन उचलून पाटीवर काहीतरी लिहिलं. छोटंसंच. पेन खाली ठेवलं आणि लेकीकडे पाहत राहिली.

“कळलं नाही गं,” ती म्हणाली. “थोडं थांब. दुसरी एक आवृत्ती बघते.”

गेले कितीतरी दिवस आई हेच लिहीत होती, असं मावशींचं म्हणणं. तिला स्वतःला तेवढंही सांगता आलं नसतं. आईचं आताचं अक्षर म्हणजे वाऱ्याने गुंतलेल्या दोऱ्यासारखं. त्याला ना सुरुवात दिसायची, ना शेवट. आणि हिचाच हात एके काळी शहरातल्या शाळाकॉलेजांची प्रमाणपत्रं लिहायचा. उजवा, अर्थात. परीक्षांचे निकाल लागले की घरभर जाड कागद वाळत पडलेले असायचे आणि मुलांना भिंतीच्या कडेकडेने चालावं लागायचं.

लेक स्वतः नोकरीत हे घालण्या-काढण्याचंच काम करायची. कंपनीचे सर्व्हर सांभाळायची, त्यांत काय घालायचं, काय काढायचं ते ठरवायची. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी बजावायची: संगणक काढून टाकण्याची यादी दाखवतो आणि ‘हो की नाही’ विचारतो, तेव्हा यादी वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही. मुलं पाठीमागे तिची नक्कल करायची, तेही तिला ठाऊक होतं.

बाबांना अतिदक्षता विभागात हलवलं, त्या संध्याकाळी ती अंघोळीपुरती घरी आली होती. तेव्हाच, त्या दिवसांत रात्रीही थांबणाऱ्या मावशींनी सांगितलं, पाटीवर सारखी एक पिवळी सूचना येते. पाटी ज्याच्या जोरावर चालायची, त्या बाबांच्या संगणकाची डिस्क भरत आली होती. बाबांच्या खोलीत जायचं तिच्या जिवावर आलं. जायची गरजही नव्हती. जेवणाच्या टेबलाशी बसून तिने आपल्या लॅपटॉपवरून बाबांचा संगणक जोडून घेतला आणि तिच्या बोटांना झोपेतही येईल अशी एक कमांड दिली. एखादा प्रोग्रॅम घातला, की तो आपल्यासोबत त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या घेऊन येतो. पुढे प्रोग्रॅम जातो, लायब्रऱ्या मागे राहतात. ज्यांना आता कुणीच विचारत नाही अशा सगळ्या शोधून काढून टाकायच्या, एवढंच त्या कमांडचं काम. लांबलचक यादी आली. डोळे चुरचुरत होते. तिने ‘हो’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा हॉस्पिटलात फोन आला. ताई, पाटी बोलत नाही. बाई लिहून लिहून दमल्या.

तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. पाटीचा प्रोग्रॅम बाबांनी घरी लिहिलेला. संगणकाच्या दप्तरी त्याची नोंदच नव्हती. हस्ताक्षर वाचणारी लायब्ररी कुणाच्या उपयोगाची आहे, हे संगणकाला कळणार कसं? त्याने ती बिनकामाची धरली, आणि तिने मान डोलावली. पुढे बाबा गेले, माणसं आली, माणसं गेली. तिने हे कुणाला सांगितलं नाही.

पुसलेली आवृत्ती इतकी जुनी होती, की आता ती कुठे मिळत नव्हती. नवी मिळत होती. ती घातली की संगणकावरच्या दुसऱ्या दोन लायब्रऱ्या कुरकुर करायच्या, त्यांना काढलं की तिसरीच कुणी अडून बसायची. आणि सगळ्यांची समजूत काढून एकदाचं सगळं बसलं, तरी पाटी गप्पच.

दुपारी धाकटा भाऊ आला. दोन्ही काखांत घडी केलेली खोकी होती. ती त्याने भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यामागे येऊन उभा राहिला.

“अजून तेच?”

“हं.”

“अगं ताई, मी ते नवीन अॅप टाकून दिलंय ना आईच्या पाटीवर. कुठलंही अक्षर वाचतं म्हणे.”

“आईच्या अक्षराला ते ‘डडडड’ म्हणतं.”

“आणि तो तक्ता? अक्षरांवर नुसतं बोट ठेवायचं. पाच वर्षांच्या पोरांना जमतं.”

“म्हणूनच तिने पलंगाखाली टाकला.”

धाकटा कपाळ चोळत खुर्चीवर बसला. त्याच्या दाढीत पांढरे केस दिसायला लागले होते. हे कधी झालं, तिला कळलं नव्हतं.

“हे बघ, उद्या सकाळी गाडी सांगितलीय. आमच्याकडे खालच्या मजल्यावर खोली आहे, दिवसरात्र माणूस ठेवता येईल. तू किती दिवस रजा काढणार? आणि या घरात तिला एकटीला ठेवायचं कसं?”

“तिला विचारलंस?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

“मान हलवली.”

“हो म्हणून?”

धाकट्याने क्षणभर पलंगाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हो म्हणूनच. पण मग लगेच पेन घेऊन लिहायला लागली. बाबा म्हणायचे ना, तुमच्या आईचं ‘हो’ म्हणजे भाषणाची सुरुवात असते.”

दोघंही हसली आणि हसू अर्ध्यावरच थांबलं.

“तिला काहीतरी सांगायचंय,” ती म्हणाली. “उद्यापर्यंत मला वेळ दे.”

“उद्यापर्यंत घे. पण उद्या नको, दोन दिवसांनी बघू, असं नको करूस. तुझं ते मशीन सुरू होईपर्यंत आपण तिचं आयुष्य थांबवून नाही ठेवू शकत.” तो उठला. “मी चिकटपट्टी घेऊन सकाळीच येतो. घरातली पार वाळून गेलीय.”

तो गेल्यावर ती पुन्हा काळ्या पडद्याकडे वळली. बाबा कसे शिकले असतील हे सगळं? आयुष्यभर पुलांचे नकाशे काढलेला माणूस. आईला घरी आणल्यानंतरच्या त्या काळात त्यांचा रोज फोन यायचा. ‘ही नवी लायब्ररी घालायची कशी गं? आणि जुनी काढू आधी, की राहू दे?’ ती गाडी चालवता चालवता एकेक अक्षर सांगायची, ते पलीकडून एकेक अक्षर म्हणत टाइप करायचे. कमांड चुकली की ‘अरे देवा’ म्हणायचे आणि फोन तसाच ठेवून द्यायचे. मग एके दिवशी विचारणं बंद झालं. तिनेच फोन केला, तर म्हणाले, ‘झालं. वाचते आता पाटी.’

तिला अभिमान वाटला होता. नवलही वाटलं होतं. असलं अक्षर वाचायला भल्याभल्यांना जमत नाही, असं ती म्हणालीही. ‘नेटाने लागलं की होतं,’ एवढंच बाबा बोलले होते.

चार दिवस माझ्याकडे राहायला या, म्हटलं की मात्र त्यांचं ठरलेलं उत्तर. मशीन तापतं. लक्ष ठेवावं लागतं.

ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरलं. मावशींनी आईची कूस बदलली, केस विंचरले. तिने ठरवलं, आता ठिगळं लावत बसायचं नाही. पाटी मुळापासून उभी करायची. तिने बाबांच्या संगणकावरच्या अक्षरं वाचणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची नावं मागवली आणि एकेक करून काढून टाकायला सुरुवात केली. या वेळी प्रत्येक यादी वाचली. प्रत्येक ‘हो’ मोठ्याने म्हटल्यासारखं ओठ हलवून दिलं. शेवटी अक्षराशी नातं सांगणारं तिथे काही उरलं नाही.

मग तिने बाबांचा प्रोग्रॅम सुरू केला. तो चालणार नव्हताच. त्याला ओरडू द्यायचं होतं. हीच तिची कामाची पद्धत. आधी ओरडू द्यायचं, ज्याच्या नावाने ओरडेल ती लायब्ररी पहिली घालायची, पुन्हा ओरडू द्यायचं, दुसरी घालायची.

प्रोग्रॅम ओरडला नाही.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. पडद्यावर ‘तयार’ एवढाच शब्द आला आणि त्याखाली कर्सर लुकलुकत राहिला. पलंगावर पाटी उजळली. आईने पेन उचललं, लिहिलं, अक्षरं पुसली गेली. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: चित्र मिळालं. बस. तक्रार नाही, लाल अक्षर नाही.

तिने तो बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तसंच, बिनतक्रार.

ज्याच्यावाचून प्रोग्रॅमचं काही अडत नाही, त्याचा प्रोग्रॅमला कधी उपयोगच नव्हता; हे ती नव्या मुलांना सांगायची, तेव्हा ते फार सोपं वाटायचं.

तिने बाबांनी लिहिलेली फाइल उघडली. इतक्या दिवसांत ती उघडायचं तिला सुचलं नव्हतं. चूक आपली, हे ठरूनच गेलं होतं. वरच्या भागात हस्ताक्षर वाचायच्या ओळी होत्या, पानंच्या पानं, एकाखाली एक वेगवेगळे प्रयत्न. पण प्रत्येक ओळीच्या आरंभी एक खूण घालून बाबांनी ती निजवून ठेवली होती. संगणक त्या ओळींकडे ढुंकूनही पाहत नव्हता. जाग्या होत्या त्या अगदी खालच्या थोड्याशा ओळी. चित्र घ्या. आतल्या खोलीतल्या पडद्यावर आणि फोनवर दाखवा. उत्तर टाइप होईपर्यंत थांबा. आलेलं उत्तर वाचून दाखवा.

मावशी काहीतरी विचारून गेल्या, ते तिला ऐकू आलं नाही.

हॉस्पिटलात बाबांच्या हातातून फोन सुटत नव्हता. सलाइनचा हात उचलून उचलून ते टाइप करत, आणि ती रागावत असे. अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सने त्यांचा चष्मा, घड्याळ, फोन एका पिशवीत घालून तिच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी पिशवीकडे हात केला होता. ‘बाबा, आता जरा आराम करा हो,’ असं म्हणून तिने फोन बंद केला होता.

ती उठली. आईकडे न पाहता पलंगासमोरच्या दारापाशी गेली, कडी काढली आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

बाबांच्या खोलीत कोंदट वास होता. खुर्ची टेबलापासून तिरकी सरकवलेली, उठून गेले तशीच. तिने फक्त पडद्याचं बटण दाबलं. उजेड आला आणि त्यात आईची अक्षरं दिसली. एकाखाली एक चित्रं, वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येकाच्या शेजारी एक रिकामी चौकट. ती खुर्चीवर बसली. खुर्ची तिच्या मानाने उंच होती. पाय नीट टेकले नाहीत.

सगळ्यात खाली मघाचं चित्र होतं. तिने ते मोठं करून पाहिलं. एक वेलांटीसारखा काहीतरी वळसा, पुढे गाठ, पुढे एक दांडा. हे पाणी असू शकेल. तिने चौकटीत ‘पाणी’ लिहिलं आणि एंटर दाबलं.

दाराआडून सपाट आवाज आला. “पाणी.”

“अगंबाई!” मावशी ओरडल्या. “बोलली! ताई, पाटी बोलली हो! थांबा बाई, आणते पाणी.” भांड्याचा आवाज झाला. मग मावशी म्हणाल्या, “नको? अहो, तुम्हीच मागितलंत ना?”

पडद्यावर नवं चित्र आलं. तेच, तसंच. तिने ‘पडदा’ लिहिलं. बाहेर कड्या खुळखुळल्या, पडदा एकदा सरकला, पुन्हा सरकला.

“तेही नाही म्हणतायत,” मावशींनी दाराकडे तोंड करून सांगितलं. “पाटी बोलते, पण भलतंच बोलते हो, ताई.”

पुन्हा तेच चित्र. तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. बाबा हे वाचत होते. जेवताना, अंघोळीला जाताना, तापात, सलाइन लावलेली असताना. आणि आईला सांगत होते, की तुझं अक्षर यंत्रालासुद्धा लागतं.

बाहेर बराच वेळ शांत होतं. मग जे चित्र आलं ते वेगळं होतं. पाटी भरून एकच अक्षर. रेघ थरथरत होती, मध्ये दोनदा तुटून पुन्हा जोडली होती, पण प्रत्येक वळण वेगळं दिसेल इतकं मोठं आणि इतकं सावकाश काढलेलं. एखाद्याला गिरवायला घालून द्यावं तसं.

तिने हात खाली घेतले. चौकटीत ‘दि’ लिहिलं.

“दि,” पाटी म्हणाली.

दुसरं यायला त्याहून जास्त वेळ लागला. त्याचा काना पाटीच्या चौकटीपाशी जाऊन अडला होता.

“वा,” पाटी म्हणाली.

“दिवा?” मावशी हसल्या. “लागलेलाच आहे की, बाई. हा काय वर. दिसत नाही का तुम्हाला?”

बाहेर संध्याकाळ झाली होती. इथे तर केव्हाच. पडद्याच्या निळसर उजेडापलीकडे खोलीत अंधार होता. तिने मान वळवून मागे पाहिलं. दाराखाली बोटभर फट होती आणि तिथून आईच्या खोलीतला उजेड आत येत होता. आईच्या पलंगावरून समोर दिसतं ते हेच दार.

ती उठली आणि भिंतीवर चाचपून बटण दाबलं. बाबांचा पिवळा दिवा लागला आणि त्याचा उजेड दाराखालून आईच्या खोलीत गेला.

खुर्चीवर येऊन ती वाट पाहत राहिली. पडद्यावर नवं चित्र आलं नाही. बऱ्याच वेळाने मावशींनी दार किलकिलं केलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, बाई झोपल्या हो. पेन हातातच आहे. मी निघू?”

“निघा,” ती म्हणाली.

बाहेरचं दार लागलं. तिने चित्रं वरवर सरकवायला सुरुवात केली. आता दिसत होतं. दिवा. दिवा. दिवा. बाबा गेल्यानंतरच्या सगळ्या दिवसांत आईने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

त्याच्याही वर, बाबा अतिदक्षता विभागात होते त्या दोन दिवसांची चित्रं होती. ती छोटी नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेल्या ओळी, एकीवर एक चढलेल्या, पाटी पुरली नाही की पुढच्या चित्रात चालू राहिलेल्या. ती त्यांतल्या पहिल्यापाशी थांबली. चित्र मोठं केलं. लहान केलं. डोकं तिरकं करून पाहिलं. मग चौकटीत कर्सर नेऊन ती अगदी पहिल्या अक्षराकडे पाहत राहिली, आणि ते अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हेच तिला कळेना.